आठ गोळ्यांचा बटवा

७ नोव्हेंबर

प्रिय डावरीस,

ऑपरेशन झालं, गर्भपिशवी गेली, मी आहे. काल घरी आले.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. ह्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. पलीकडच्या खोलीत मुलगा, स्वयंपाकघरात सून, आणि मधल्या भिंती पुठ्ठ्याच्या. पत्र कसं, लिहिलं, चिकटवलं, शेजारणीच्या हाती पेटीत टाकलं. कुणाच्या बापाला पत्ता नाही.

आता ऐक. मला ह्या हॉस्पिटलचं लक्षण काही बरं दिसत नाही. तुझं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं तेव्हा तुला त्या अफूच्या घराण्यातल्या जबर गोळ्या पाकीट भरून दिल्या होत्या ना? चांगल्या तीस. आणि त्या संपल्या, तू फोनवर रडलीस, म्हणून आमच्या स्वर्गवासी ह्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनातल्या उरलेल्या मी पोस्टाने पाठवल्या. आणि मला? मला आठ! मोजून आठ, कागदाच्या पुडीत बांधून. बाकी साध्या गोळ्या, डोकेदुखीला घेतो तशातल्या, दोन प्रकारच्या, घड्याळ लावून घ्यायच्या. दुखत असो वा नसो. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुखणं चढायच्या आधीच त्याला अडवायचं. ऑपरेशन करतानाच म्हणे पोटाच्या कडेला बधिर करायचं औषध घातलं होतं. त्याच संध्याकाळी मला उभं केलं आणि चालवलं. पोटाला उशी धरून, खुर्चीपासून दारापर्यंत. मी म्हटलं, बाई, माणूस आहे मी, ढकलगाडी नाही.

शिवाय वापरल्या नाहीत तर उरलेल्या आठातल्या गोळ्या चोवीस तारखेला परत न्यायच्या. ऐकलं आहेस कधी, औषध परत घेणारं हॉस्पिटल? नक्की काहीतरी पाणी मुरतंय.

सुनेने कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवलाय. वेळा, गोळ्या, पुढे बरोबरची खूण. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर, तेव्हा तिला ह्यातलं सगळं कळतं. तेच मला खुपतंय. येता-जाता विचारते, "आई, मोठ्या गोळीची गरज पडली का?" तुला काय करायचंय गं? मांजराला दुधाची राखण म्हणतात ती हीच. म्हणून मी काय केलं, अस्तराच्या उरलेल्या कापडाचा बटवा शिवला, पुडीचा कागद काढून आठही गोळ्या आत घातल्या आणि तोंड बारीक टाक्यांनी बंद करून टाकलं. दोरी नाही, बटण नाही. उघडायचा तर उसवावा लागेल, आणि ह्या घरात सुई धरता येते ती फक्त मला. रोज सकाळी बाहेरून चाचपून मोजते. आठ.

चार दिवस येशील का? सुनेच्या हातचं पथ्य खाऊन जीव विटलाय.

तुझी ताई

९ नोव्हेंबर

ताई,

पत्र पोचलं. येते. अकराला सकाळच्या गाडीने निघते, चौदाला परत. पुस्तक-बांधणीच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली. मालक म्हणाले घे, तसंही तुझं सध्या कामात लक्ष नाही. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

गोळ्या शिवून ठेवल्यास ते उत्तम केलंस. आजकाल कुणाचा भरवसा द्यावा? बटवा उशाखाली ठेवू नकोस, पहिल्यांदा तिथेच बघतात. तुला खरंच एकही लागली नाही? इतकं मोठं ऑपरेशन होऊन? मला तर तेव्हा चार-चार तासांनी लागायची. तुझी डॉक्टरीण कंजूषच असणार.

अक्षर वेडंवाकडं आलंय. थंडीने बोटं आखडतात.

डावरी

१८ नोव्हेंबर

प्रिय डावरीस,

तू गेलीस आणि घर सुनं झालं. चार दिवस कसं छान चाललं होतं. मी अंघोळीला जायचे तेव्हा तू माझी खोली लख्ख करून ठेवायचीस. उशीचा उसवलेला अभ्रासुद्धा शिवलास. टाके तुझे नेहमीसारखे, उलट्या अंगाला कललेले. आई म्हणायची, हिच्या टाक्यांना वारा पलीकडून लागतो.

पण आता जे लिहिते ते बसून वाच.

काल माझीच अक्कल गहाण पडली. शेजारणीने आणलेलं गिऱ्हाईक अडलं म्हणून माझं शिलाई मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. जड उचलायचं नाही, तक्त्यावर लाल अक्षरात लिहिलंय, तरी ओढलं. पोटात अशी कळ गेली की जमिनीवरच बसले. साध्या गोळीला दोन तास होते. म्हटलं, आता काढावीच एक मोठी. चष्मा सापडेना. बटवा कपड्यांच्या खणातून काढला, सकाळीच चाचपून मोजलेला, आठ. कात्रीने अर्धं तोंड उसवलं, एक गोळी काढली, पाणी घेतलं आणि तोंडात टाकली.

ती विरघळेना. जिभेवर फिरवली तर तिला भोकं लागली. चार भोकं! डावरे, शर्टाचं पांढरं बटण होतं ते! माझ्याच डबीतलं!

सगळा बटवा पदरात उलटा केला. तीन गोळ्या आणि पाच बटणं. मी इतके दिवस रोज सकाळी बटणं मोजत होते आणि खूश होत होते.

हसू नकोस. मी घाबरलेय. हे ज्याने केलं त्याला ठाऊक होतं की मी बाहेरून चाचपते. म्हणजे माझ्यावर नजर ठेवली. आणि घरात अशी माणसं दोन. मुलगा सकाळी सातला जातो तो सातला येतो. राहिली कोण? जिला गोळ्यांची किंमत कळते, जी रोज विचारायची "गरज पडली का?" कुंपणच शेत खातंय, दुसरं काय.

चोवीसला हॉस्पिटलात हिशोब द्यायचाय. तू सांग, मी काय करू?

ताई

ता.क. कळ आपोआप उतरली. अर्धा तास पडून राहिले, मग साधी गोळी घेतली, मशीन होतं तिथेच सोडलं.

२१ नोव्हेंबर

ताई,

तू आधी शांत हो. आरडाओरडा करून काय मिळणार? पाच गोळ्या म्हणजे काही सोन्याच्या बांगड्या नाहीत. हॉस्पिटलात सांग, मीच घेतल्या. कळ येत होती, घेतल्या. कोण तपासायला येतंय? विषय संपला.

सुनेचं म्हणशील तर मी काय बोलू? मी चार दिवसांची पाहुणी. पण दिवसभर औषधांत वावरणाऱ्या माणसाला मोह होत असेल, असं ऐकलंय. नक्की कुणी केलं ते मला माहीत नाही. तू कुणाला काही बोलू नकोस एवढंच.

आणि त्या उरलेल्या तीन घरात ठेवू नकोस. मला पाकिटात घालून पाठव. इथल्या दवाखान्यात माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे मी परत करते. उद्याच पाठव.

डावरी

२६ नोव्हेंबर

प्रिय डावरीस,

तुझं पत्र यायला उशीर झाला. त्याआधीच मी सगळं करून बसले होते.

बावीसला मुलाला सांगितलं. त्याने कानावर हात ठेवले. "आई, ती असं करणार नाही." बायकोचा पदर धरून बोलणारच. मग तेवीसला मी स्वतः गेले तिच्या दुकानात. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलंय ना, चालले. काउंटरपुढे सहा-सात गिऱ्हाइकं होती. म्हटलं, "मालक, तुमच्या दुकानातल्या असल्या गोळ्या मोजून बघा, माझ्या घरच्या पाच गेल्यात." तेवढंच. नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

मालकाने तिला काउंटरवरून उठवलं. चौकशी होईपर्यंत आतल्या खोलीत खोकी लावायला बसवलं. संध्याकाळी ती घरी आली, भांडली नाही, रडली नाही. एका पिशवीत कपडे भरले. दारातून एवढंच म्हणाली, "आई, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." आणि माहेरी गेली. बघ तिचा तोरा! विचारलं काय, सांगते काय. मुलगा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की उचलून खोलीत नेतो.

चोवीसला हॉस्पिटलात एकटीच गेले. तुझं पत्र हाती नव्हतं म्हणून खोटं बोलायचंही सुचलं नाही. तीन गोळ्या आणि पाच बटणं टेबलावर ठेवली. वाटलं, आता बाई आकांडतांडव करणार. त्यांनी बटणं हातात घेऊन पाहिली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्याच कारणासाठी आम्ही कमी देतो. पूर्वी सरसकट तीस द्यायचो. दहा लागायच्या, वीस घरात पडून राहायच्या. मग त्या घरातल्याच कुणाच्या तरी हाती लागायच्या. काही जणींना तर स्वतःच्याच तीसमधून सवय जडली." मी विचारलं, मग चोर पकडायचा कसा? त्या म्हणाल्या, "मी त्याला चोर म्हणणार नाही, आजारी म्हणेन. त्याला आत्ता ह्या गोळीवाचून राहवत नसणार. घरी अलीकडे कोण येऊन गेलं?"

मला असा राग आला! म्हटलं, माझी बहीण येऊन गेली, पण ती तसली नव्हे. तिचंही हेच ऑपरेशन झालंय, तिला दुखणं म्हणजे काय ते कळतं. बाईंनी कागद पुढे ओढला. कागदावर नुसतं लिहिलं, आणि तीन गोळ्या ठेवून घेतल्या. म्हणून तुला पाठवता आल्या नाहीत.

एक कबूल करते. साध्या गोळ्यांनी माझं भागलं. आठातली एकही पोटात गेली नाही आणि मी शिलाईला बसू लागले. कंजूषपणा म्हणत होते तो कंजूषपणा नव्हता.

तू लवकर ये. ह्या घरात माझ्या बाजूचं कुणी उरलेलं नाही.

ताई

२९ नोव्हेंबर

डावरीस,

ह्या पाकिटात बटवा आहे. उलटा करून बघ.

आज घरात कुणी नव्हतं. सुनेचं ते सुईदोऱ्याचं बोलणं डोक्यातून जाईना. इतके दिवस मला तो तोरा वाटत होता. मग उमगलं, ती तोरा दाखवत नव्हती, पुरावा देत होती. बटणं घालून बटवा पुन्हा बंद करायचा तर शिवावा लागतो, आणि इतका बारीक शिवावा लागतो की मला कळू नये. तिला तर शर्टाचं बटण लावता येत नाही, मीच लावते.

चष्मा लावून बसले. मी अर्धंच तोंड उसवलं होतं, उरलेलं अर्धं जसंच्या तसं होतं. दोरा माझाच आहे. टाक्यांतलं अंतर माझ्याइतकंच आहे. फार सुबक आहे. शेजारी तू शिवलेला अभ्रा ठेवला. दोन्हींच्या टाक्यांना वारा पलीकडूनच लागलेला.

मग तुझी पत्रं काढली. "उशाखाली ठेवू नकोस." "मीच घेतल्या म्हणून सांग." "तीन मला पाठव." काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत होते मी.

डॉक्टरीणबाईंना मी छातीठोक सांगितलं की माझी बहीण तसली नव्हे. भर दुकानात एका पोरीची अब्रू काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि दोर वळायला तू मदत केलीस.

आता मला खरं लिही. थंडीने बोटं आखडतात असं लिहू नकोस.

ताई

५ डिसेंबर

ताई,

बटवा पाहिला. चार दिवस पाकीट पुन्हा पुन्हा उघडत होते आणि मिटत होते.

मी घेतल्या. तू अंघोळीला गेली होतीस. बारा तारखेला, दुसऱ्याच दिवशी. बटणं तुझ्या डबीतली. मला वाटलं होतं दोन घ्याव्या. मग पाच घेतल्या. तीन ठेवल्या, तुला खरंच कळ आली तर असाव्या म्हणून. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते.

सगळं लिहिते. माझ्या ऑपरेशनानंतर महिन्याभरात जखम भरली होती. दुखत नव्हतं. पण गोळी चुकली की अंगात काहीतरी सुरू व्हायचं. नाक गळायचं, पाय स्वस्थ राहायचे नाहीत, घाम, जांभया, पोटात मुरडा. मला वाटायचं ऑपरेशनचंच दुखणं आहे. डॉक्टर आधी थांब म्हणाले, पण तसंच सांगितल्यावर त्यांनी पुन्हा लिहून दिल्या. ते थांबले तेव्हा दुसरे गाठले, मग तिसरे. दोन वर्षं, ताई. गेल्या महिन्यात तिसऱ्यांनीही नाही म्हटलं. कारखान्यात मी पुस्तकाची पानं उलटसुलट शिवली. एक अख्खं पुस्तक शेवटाकडून सुरू होत होतं. मालकांनी ते सगळ्यांपुढे धरलं.

तेव्हा तुझं पत्र आलं. "ऑपरेशन झालं, मी आहे" असं तू लिहिलं होतंस. मी ती ओळ ओलांडून गेले. माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते "आठ". माझी बहीण जगली-वाचली हे मी दुसऱ्या वाचनात वाचलं. ह्याची लाज मला चोरीपेक्षा जास्त वाटते.

सुनेबद्दल मी जे लिहिलं ते भीतीने लिहिलं. ती मला मावशी म्हणते, चारही दिवस तिने मला चहा आणून दिला. तिला काय तोंड दाखवू? तिच्या दुकानाच्या मालकांना पत्र लिहिलंय, सोबत आहे. माझं नाव आणि पत्ता घालून लिहिलंय. तुला योग्य वाटलं तर दे.

गोळ्या आता नाहीत. त्या पाच आणि इकडून-तिकडून मागून आणलेल्याही संपून तीन दिवस झाले. मला भीती वाटते. तू ओरडलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

डावरी

८ डिसेंबर

माझ्या डावरीस,

पत्र वाचलं आणि आधी रडले, मग तुला मनसोक्त शिव्या दिल्या, मग चपला घातल्या.

पहिल्यांदा दुकानात गेले. मुद्दाम संध्याकाळी गेले, गर्दी असते तेव्हा. सून आतल्या खोलीत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. माहेरून रोज तशीच कामावर येत होती बिचारी. काउंटरपुढे उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी इथे जे बोलले ते खोटं होतं. ही चोर नाही. चूक माझी, माझ्या घरची." तेव्हा जेवढा आवाज लावला होता त्याहून मोठा लावला. टाक्यांना ओढ बसली, बसू दे. मालकाला तुझं पत्र दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, आणि तिला हाक मारून काउंटरवर बसवलं. ती बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काल रात्रीच्या जेवणाला घरी आली. माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलते. माफी मागितली तर म्हणाली, "बरं." माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मी ती भोगणार आहे.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझं सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलंय, एकटीने दात-ओठ खात बसायचं नाही. ह्यावर उपचार आहे. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर ह्याच कामाचे आहेत, ते तुला तपासून औषध ठरवतील आणि पायरी-पायरीने खाली उतरवतील. गुरुवारी दहाची वेळ घेतलीय. त्याआधी फारच होऊ लागलं तर लाजू नकोस, तिथल्या दवाखान्यात जा आणि मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. मालकांकडे सुट्टी माग, नाही दिली तर माझा नंबर दे. ह्यापुढे फोन चालेल, ऐकू दे भिंतींना.

तुझ्यासाठी खोली तयार आहे. कपाटाच्या दारावरून माझा तक्ता काढला, तिथे नवा कोरा तक्ता लागलाय. मी नाही लावला. सकाळी उठले तर लावलेला होता, पट्टीने आखलेला. मी त्याच्याकडे बघत उभी होते तेव्हा मागून सून म्हणाली, "मावशींना सांगा, खुणा डाव्या हाताने केल्या तरी चालतील." पंधरा दिवसांतलं तिचं पहिलं अख्खं वाक्य.

आता एक माझं. तू तुझ्या पत्रात सगळ्यांची नावं घेतलीस. तीन डॉक्टर, मालक, स्वतःला तर सोडलंच नाहीस. एक नाव गाळलंस. तुझ्या तीस संपल्या होत्या, तू रडत होतीस, आणि तुझे डॉक्टर थांब म्हणत होते. तेव्हा ह्यांच्या खणातली उरलेली पुडी कुणी पाठवली? मीच ना. वर कापडात शिवून, टाका घालून, वाटेत कुणी चोरू नये म्हणून. सून, हॉस्पिटल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि स्वतःच्या हातांकडे बघायचं राहून गेलं. तू ते लिहिलं नाहीस, मला वाचवायला. मला कळलं गं.

तेव्हा सुनेपुढे उभं राहायचं ते दोघींनी मिळून. बुधवारी ये. स्टेशनावर मी असेन, मला चालायला सांगितलंच आहे.

ताई